आधी दुकान पाहा, मग विमा विका

मराठवाड्यात 'विमा' हा शब्द कानावर पडला की माणसाच्या मनात साधारणपणे तीन गोष्टी येतात. पहिली आयुर्विमा, म्हणजे ओळखीच्या एजंटाने गळ घालून उतरवून घेतलेली पॉलिसी. दुसरी पीकविमा, म्हणजे खरिपाच्या तोंडाशी लागणारी रांग आणि पुढे वर्षभर भरपाईसाठी चालणारे अर्ज-विनंत्या आणि मोर्चे. तिसरी मोटारसायकलचा विमा, म्हणजे चौकात हवालदाराने हात दाखवला की डिकीतून काढायचा कागद. चौथी गोष्ट सहसा येत नाही. ज्या दुकानावर, गिरणीवर, गोदामावर किंवा वर्कशॉपवर अख्खे कुटुंब जगते, त्याच्या विम्याचा विषय आपल्या घरात निघतच नाही. निघालाच तर तो काढणारा माणूस 'शुभ बोल नाऱ्या' या म्हणीतला नाऱ्या ठरतो. मांडवाला आग लागेल असे कुणी बोलायचे नाही, हा आपला शिष्टाचार. मांडवाला आग लागायची थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

हा विषय रविवारच्या पुरवणीत घरच्या मंडळींसमोर का मांडावा, असे कुणी विचारील. कारण आपल्याकडे धंदा आणि घर यांत भिंत असते ती बहुधा एकाच विटेची. पुढे दुकान, मागे घर. खाली गोदाम, वर बिऱ्हाड. लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या गल्ल्यांतून किंवा नांदेडच्या वजिराबाद, इतवारा भागातून फिरून पाहा. दुकानात भरलेल्या मालात मालकाचे भांडवल असते तसे बायकोच्या पाटल्यांवर काढलेले कर्जही असते, आणि मुलीच्या शिकवणीची फी त्याच गल्ल्यातून जाते. दुकान जळाले की आधी घर जळते. म्हणून दुकानाचा विमा हा केवळ व्यापाऱ्यांचा आणि कंपन्यांचा प्रश्न नाही, आणि तो विकणारा एजंट कसा तयार होतो हाही नाही.

एजंट हा आपल्या समाजातला परिचित प्राणी आहे. प्रत्येक नात्यागोत्यात एक तरी असतोच. शाळामास्तर नोकरी सांभाळून पत्नीच्या नावावर एजन्सी चालवतात. पदवी घेऊन नोकरी न मिळालेला भाचा एजंट होतो. 1956 साली 245 संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झाले, आणि ज्योतीभोवती धरलेल्या दोन हातांचे चिन्ह खेडोपाडी पोहोचवले ते याच माणसांनी. त्यांची थट्टा खूप झाली, पण ज्या विधवेच्या हातात त्यांनी धनादेश ठेवला, तिने ती कधी केली नाही. ही माणसे बोलण्यात हुशार असतात, लग्नामुंजीला हजर असतात, कुणाच्या घरात मूल जन्मले हे त्यांना आजीच्या आधी कळते. त्यांचे सगळे भांडवल म्हणजे ओळख.

आता याच माणसांना सांगितले जात आहे की, नुसत्या आयुर्विम्यावर थांबू नका. दुकानांचे, कारखान्यांचे विमे आणा. परवान्याच्या नियमांनुसार एकच माणूस एका आयुर्विमा कंपनीचे आणि एका सर्वसाधारण विमा कंपनीचेही काम करू शकतो. 1 जानेवारी 1973 रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा 107 कंपन्यांच्या चार झाल्या होत्या. 1999 च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या पुन्हा आल्या आणि आता त्यांचे फलक आपल्या जिल्ह्यांतही लागले आहेत. काम वाढले ही चांगलीच गोष्ट. पण या नव्या कामासाठी एजंट जुनेच कसब घेऊन निघतो, आणि घोळ तिथे सुरू होतो.

आयुर्विम्यात एजंट विचारतो, "अप्पा, वर्षाला किती भरता येईल?" अप्पा आकडा सांगतात आणि त्यावरून पॉलिसी ठरते. ते तिथे बरेचसे चालतेही, कारण माणसाच्या जिवाची किंमत कुणी वजन करून काढत नाही. पाच लाखांची पॉलिसी असेल आणि अटी पाळल्या असतील, तर पाच लाख मिळतात. मालमत्तेच्या विम्याचे तसे नाही. तिथे पॉलिसीवर लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. प्रत्यक्षात मिळते ती झालेल्या आणि सिद्ध करता येणाऱ्या नुकसानीची भरपाई, तीही लिहिलेल्या जागेवरच्या, लिहिलेल्या वस्तूंची, लिहिलेल्या कारणांनी झालेली. म्हणून तिथला पहिला प्रश्न 'किती भरता?' असा असूच शकत नाही. पहिला प्रश्न असतो, 'काय काय जाईल?' आणि त्याचे उत्तर अप्पांच्या ओसरीवर चहा पिऊन मिळत नाही. त्यासाठी चपला घालून गोदामात जावे लागते.

एक साधे गणित पाहा. एका अडत्याच्या गोदामात 40 लाखांची तूर आहे. प्रीमियम कमी यावा म्हणून विमा उतरवला 20 लाखांचा. आगीत 10 लाखांचा माल जळाला. आता अडत्याला वाटते, विमा 20 लाखांचा, नुकसान 10 लाखांचे, म्हणजे सगळे पैसे मिळणार. मिळतात 5 लाख. कारण निम्म्याच किमतीचा विमा घेतला, म्हणजे उरलेल्या निम्म्या जोखमीचा विमेदार तो स्वतः, असा या व्यवहाराचा नियम आहे. सगळ्यांनीच अर्ध्या मालाचा प्रीमियम भरून पूर्ण भरपाई घेतली तर विम्याचा सामाईक गल्ला रिकामा होईल, हे कंपनीचे म्हणणे खोटे नाही. 1 एप्रिल 2021 पासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि त्याहून मोठ्यांसाठी 'भारत लघु उद्यम सुरक्षा' या ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी आल्या. पहिली 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी, दुसरी त्यावर 50 कोटींपर्यंत. त्यांत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते. पण निम्म्याची तूट कोणी माफ करीत नाही. हे पाच ओळींचे गणित पॉलिसी विकण्याआधी ज्या एजंटाने अप्पांना पाटीवर मांडून दाखवले, तो खरा एजंट. जळाल्यानंतर हे गणित सर्व्हेअर मांडतो, आणि तेव्हा ते कुणालाच समजून घ्यायचे नसते.

या विषयात बँकेचा वाटा मोठा आहे, आणि आयुष्याची बरीच वर्षे त्या टेबलामागे काढल्यामुळे मला तो जवळून ठाऊक आहे. मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट दिले की त्या मालाचा विमा हवाच, असा बँकेचा नियम असतो. व्यापारी कागदावर सही करतो, प्रीमियम खात्यातून कापला जातो आणि पॉलिसी बँकेच्या फाइलला लागते. बँकेला काळजी आपल्या कर्जाची. त्यामुळे विमा पुष्कळदा कर्जमर्यादेच्या आकड्याभोवती फिरतो, मालाच्या किमतीभोवती नाही. व्यापारी निर्धास्त असतो. पॉलिसी आहे एवढे त्याला माहीत असते. तिच्यात काय आहे हे नसते. ती त्याने पाहिलेलीही नसते.

नव्वदच्या दशकात बदली होऊन मी एका तालुक्याच्या गावी गेलो, तेव्हा तिथे एका तेलघाणीच्या आगीचे प्रकरण संपत आले होते. मालकाने आगीच्या दोन वर्षे आधी धंदा वाढला म्हणून घाणीच्या मागचे पत्र्याचे गोदाम भाड्याने घेतले होते. ढेप आणि बारदाना तिकडे हलवला होता. पॉलिसीचे दर साली नूतनीकरण होत होते, त्याच जुन्या पत्त्यावर, त्याच जुन्या वर्णनानिशी. आग लागली ती मागच्या गोदामाला. ती जागा पॉलिसीत नव्हती. मालक माझ्यासमोर बसून एवढेच म्हणाले, "साहेब, दर साली ब्यांक पैसे कापती. मला वाटलं, समदं त्यात आलं." त्या दोन वर्षांत पॉलिसीला हात लावलेली माणसे निदान तीन होती, आणि तिघांपैकी एकानेही घाणीच्या मागे जाऊन पाहिले नव्हते. पुढे घर गहाण पडले आणि धाकटी मुलगी लातूरला शिकत होती ती परत आली. तिचे नाव मी कुठे लिहिलेले नाही, पण माझ्या डोक्यातल्या विम्याच्या प्रत्येक हिशेबात ती असते.

म्हणून व्यापारी विमा विकायला शिकायचे, म्हणजे आधी पाहायला शिकायचे, असे मी म्हणतो. हा माझा शोध नव्हे. अमेरिकेत हार्टफर्ड गावी 1866 साली वाफेच्या बॉयलरचा विमा करणारी एक कंपनी निघाली. त्या काळी बॉयलर फुटून माणसे मरत असत. या कंपनीच्या नावातच 'विमा' या शब्दाच्या आधी 'तपासणी' हा शब्द होता. आमचा माणूस आधी येऊन बॉयलर पाहील, काय दुरुस्त करायचे ते सांगेल, मग विमा. भरपाईच्या आधी नुकसानच टळावे, हा त्यातला विचार. आपल्या मोंढ्यातल्या एजंटाला बॉयलर तपासायचा नाही. पण डाळ मिलमध्ये अर्धा तास फिरता आले पाहिजे.

चला, फिरूच आपण. लातूरच्या एखाद्या डाळ मिलमध्ये शिरलो तर पहिली दिसते ती मोटर, आणि तिच्यावर साचलेला डाळीच्या चुनीचा थर. शॉर्ट सर्किटने आग लागून मिल जळाली तर आगीच्या पॉलिसीत भरपाई आहे. पण फक्त तेवढी मोटरच आतून जळाली तर सहसा नाही. त्यासाठी यंत्रांच्या बिघाडाची पॉलिसी निराळी असते. हे एजंटाने मोटरीशेजारी उभे राहून सांगितले तर मालकाच्या कायमचे लक्षात राहते, आणि जाता जाता मोटर पुसून घ्या असेही सांगता येते. पुढे नांदेडकडे गेलो, भोकर-किनवटच्या बाजूला एखाद्या जिनिंगमध्ये, तर तिथे सरकी आणि कापूस. ओलसर माल दाबून ठेवला तर तो आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो. जुन्या आगीच्या पॉलिसीत असा स्वतःच्याच उष्णतेने पेटलेला माल वगळलेला असे. जादा पैसे भरून ते जोडून घ्यावे लागे. आज आपल्या हातातल्या पॉलिसीत ते आहे की नाही, हे वाचून सांगणे एजंटाचे काम. शिवाय जिनिंग हंगामी. हंगाम संपला की महिनोन्महिने कुलूप. इमारत 30 दिवसांपेक्षा जास्त काळ ओस राहिली तर कंपनीला कळवून मंजुरी घ्यावी लागते, अशी अट आगीच्या पॉलिसीत सर्रास असते. किती जिनिंगवाल्यांना ती ठाऊक असेल?

अडत दुकानात या. इथे आगीपेक्षा चोरीची भीती जास्त. आगीच्या पॉलिसीत घरफोडी येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. आणि तीतही कुलूप तोडल्याची, खिडकी उचकटल्याची खूण दिसावी लागते. घरच्याच मुनिमाने हिशेबात हात मारला तर तो प्रकार तिसराच; त्याचीही पॉलिसी असते. दुकानातून बँकेत रोकड नेताना वाटेत लुटली गेली, तर चौथी. लहान दुकानदारासाठी या सगळ्यांचे तुकडे एकत्र शिवलेली 'शॉपकीपर्स' पॉलिसी मिळते, गोधडीसारखी. आणि लातूरहून डाळीचा ट्रक दिल्लीला निघाला तर त्याच्या विम्याला म्हणतात 'मरीन'! ज्या गावाने समुद्र पाहिलेला नाही, ज्याला एप्रिल 2016 मध्ये पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले, त्या गावात 'मरीन' पॉलिसी! व्यापारी हसतो आणि नको म्हणतो. कारण एवढेच की विम्याचा हा धंदा जहाजांपासून सुरू झाला आणि नाव तेच राहिले. एजंटाला ही गोष्ट सांगता आली तर हसण्यातून विक्री होते. नुसते 'मरीन घ्या' म्हटले तर हसण्यावारी जाते.

मग राहतात माणसे. पट्ट्यात हात गेलेला कामगार ही आपल्याकडची नवलाची बातमी नाही. कामगाराला अपघाताची भरपाई देण्याची मालकाची कायदेशीर जबाबदारी 1923 पासून आहे. त्या जुन्या कायद्याची जागा नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, जबाबदारी गेली नाही. जिथे ईएसआय लागू नाही, अशा लहान मिलमध्ये ही रक्कम मालकाच्या खिशातून जाते, आणि पुष्कळदा मग जातच नाही. दवाखान्याचे बिल देऊन मिटवामिटवी होते. ज्या पॉलिसीने हमालाचे घर वाचते आणि मालकही वाचतो, ती मागायला मालक स्वतः कधी येणार नाही. ती सुचवावी लागते.

हे सगळे ऐकून कुणाला वाटेल की हे फार लांबचे बोलणे झाले, आपल्या भागात एवढे काय होते? असे म्हणण्याचा अधिकार आपण 1993 सालीच गमावला आहे. 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे हजारो माणसांसह दगडमातीच्या भिंतींखाली गेली. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 मध्ये नकाशा सुधारला आणि लातूर वरच्या पट्ट्यात गेले. त्या काळी भूकंपाचे संरक्षण आगीच्या मूळ पॉलिसीत नसे. जादा प्रीमियम भरून जोडावे लागे. आणि जिथे भूकंप होतच नाही असे सरकारी नकाशाच सांगतो, तिथे ते कोण कशाला जोडील? नव्या गावांत घरे उभी राहिली. पण किराणा दुकानातला माल, शिंप्याची यंत्रे, पिठाची गिरणी यांचा हिशेब मदतीच्या पंचनाम्यात जेमतेम एक रकाना व्यापतो. 2021 च्या त्या दोन्ही पॉलिसींत भूकंप मुळातच समाविष्ट आहे, हा त्या पहाटेनंतर 28 वर्षांनी झालेला शहाणपणा. तो लोकांपर्यंत नेणार कोण?

पुराचेही तेच. नांदेडला गोदावरी आहे हे ठाऊक असते; पण 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत पाणी गावांत शिरले, आणि त्याच पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कितीतरी बाजारपेठा चिखलात उभ्या राहिल्या. धान्याचे कट्टे जमिनीला टेकलेले होते की खाली लाकडी फळ्या होत्या, यावर कुणाचा किती माल वाचला ते ठरले. पाहायला गेलेला एजंट हीही गोष्ट सांगू शकला असता, आणि त्यासाठी प्रीमियम लागत नाही.

मात्र चांगल्या एजंटाने विमा काय करू शकत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. तुरीचा भाव पडला, तर त्याला आगीचा विमा नाही. उधारी बुडाली, तर दुकानाच्या पॉलिसीत ती नाही. 2016 सारखे पाणीच संपले आणि मिल महिनाभर बंद ठेवावी लागली, तर नफा बुडाल्याची पॉलिसीही सहसा कामी येत नाही. ती मालमत्तेला आधी आग, पूर यांसारखे विमित नुकसान झाले तरच चालू होते. 'साहेब, यात सगळे येते' हे वाक्य ज्या एजंटाच्या तोंडी आहे, त्याच्यापासून दूर राहावे. 'सगळे' नावाची पॉलिसी अजून कोणी छापलेली नाही.

दुसरी एक अडचण आपल्या स्वभावातली. मोंढा उधारीवर चालतो. बियाणे उधार, खत उधार, आडत पट्टीचे पैसे पुढच्या आठवड्यात. एजंटही त्याच मातीतला. तो म्हणतो, "शेठ, पॉलिसी करून टाकतो, पैसे नंतर द्या." पण विमा ही एकच वस्तू अशी की ती उधार मिळत नाही. प्रीमियम हाती पडल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही, असे विमा कायद्याचे 64 व्हीबी हे कलम सांगते. पैसे सोमवारी देऊ म्हटले आणि रविवारी आग लागली, तर ओळख कामाला येत नाही. तसेच दुसरे, कमिशनमधले थोडे परत देतो असे म्हणून गिऱ्हाईक ओढणे. त्याच कायद्याच्या 41 व्या कलमाने ते निषिद्ध आहे. पण कायद्याचे सोडा. ज्याने आपले कमिशन वाटून टाकले, तो पुढच्या वर्षी गोदाम पाहायला पेट्रोल कशातून घालणार?

इथे एजंटांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खरी आहे. ते म्हणतात, "काका, तुमचे सगळे बरोबर. पण एका किराणा दुकानाच्या पॉलिसीवर आम्हाला सुटते काय? आयुर्विम्यात पहिल्या वर्षी हातात चांगली रक्कम येते. इथे दोन चकरा, चार फोटो, दहा प्रश्न, आणि शेवटी चहापाण्याचे पैसे. उलट क्लेम अडला तर शिव्या आम्हालाच." यावर नैतिकतेचे प्रवचन देण्यात अर्थ नाही, पोटाचा प्रश्न आहे. माझे उत्तर हिशेबाचेच आहे. एक दुकान परवडत नाही, पण एक गल्ली परवडते. धर्माबादच्या मिरची बाजारातली एक ओळ, अर्धापूरच्या केळी व्यापाऱ्यांचा एक गट, लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या दहा डाळ मिल. एकाच प्रकारचा धंदा असला की एकदा शिकलेले दहादा उपयोगी पडते. दहावी मिल पाहताना एजंटाला मालकाइतकेच कळू लागते, आणि मग गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, ते बोलावते. शिवाय आगीच्या पॉलिसीचे नूतनीकरण दर साली होते. गिऱ्हाईक टिकले तर ती मिळकतही टिकते, आणि दर साली माल, पत्ता आणि यंत्रे नव्याने पाहण्याचे निमित्त मिळते.

शिकायचे कुठे? परवान्याची परीक्षा पाठांतराने सुटते, ती सुरुवात आहे. खरे गुरू वेगळे आहेत. पहिला गुरू सर्व्हेअर. जळालेल्या गोदामात त्याच्याबरोबर राखेत उभे राहिलेला एजंट एका दुपारी जे शिकतो, ते पुस्तकात सहा महिन्यांत येत नाही. दुसरा गुरू जुना मुनीम. मालाची किंमत खरेदीच्या भावाने लावायची की आजच्या, तेजीच्या दिवसांत गोदाम किती भरते, कोणत्या महिन्यात रिकामे असते, हे तो तोंडपाठ सांगतो. विम्याची रक्कम वर्षातल्या कोणत्या दिवसाच्या मालावर धरायची, हे त्यातूनच कळते. तिसरे, आपली वाणिज्य महाविद्यालये. 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या छायेतल्या महाविद्यालयांतून दर साली हजारो मुले बी.कॉम. होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी मोंढ्यातले एकही गोदाम आतून पाहिलेले नसते. एका सत्रात विद्यार्थ्यांकडून दहा दुकानांच्या जोखमीची टिपणे करून घ्यायला कोणता निधी लागतो? बाजार समित्या, व्यापारी संघटना यांनी पावसाळ्याआधी एक दिवस 'आपापली पॉलिसी घेऊन या' असे आवाहन करून ती वाचून घ्यायला कोणता ठराव लागतो? पॉलिसी असते इंग्रजीत. तिचा अर्थ मराठीत, मोंढ्याच्या मराठीत, मोठ्याने सांगणारा माणूस हवा. ही नोकरी आहे, आणि नोकरी नाही म्हणून पुण्याची गाडी पकडणाऱ्या आपल्या मुलामुलींना ती इथेच करता येण्यासारखी आहे. मुलींना विशेषच, कारण दुकानाच्या मागच्या घरात त्यांना सरळ जाता येते, आणि माल नेमका किती आहे हे पुष्कळदा तिथेच कळते.

आणि शेवटी कसोटी एकच, क्लेमच्या दिवशी एजंट कुठे असतो. आगीच्या दुसऱ्या दिवशी तो दारात उभा असेल, कंपनीला कळवले का, अग्निशामक दलाचा दाखला घेतला का, उरलेला माल हलवण्याआधी फोटो काढले का, खरेदीच्या पावत्या कुठे आहेत, असे विचारत असेल, तर त्याने गेल्या वर्षी काय विकले होते ते कुटुंबाला त्या दिवशी कळते. फोन उचलत नसेल, तर तेही कळते.

तोवर घरच्यांनी आपल्या हातात आहे ते करावे. लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो. या दिवाळीला बँकेत जाऊन आपल्या दुकानाच्या पॉलिसीची प्रत मागून आणा. ती मागण्यात संकोच नको, तिचे पैसे आपल्याच खात्यातून गेले आहेत. वहीशेजारी पाटावर ठेवा. हळदकुंकू वाहून झाले की घरातल्या शिकत्या मुलीला ती वाचायला सांगा. जास्त नको, तीनच गोष्टी: पत्ता कोणता लिहिला आहे, माल कोणता लिहिला आहे आणि रक्कम किती. मग सगळ्यांनी उठून एकदा मागच्या गोदामात जाऊन पाहा. कागद आणि गोदाम जुळले तर फराळाला बसा. जुळले नाहीत, तर एजंटाला फराळालाच बोलवा, आणि ताट वाढण्याआधी गोदाम दाखवा.